चौकोनांत अडकलेली कविता

२७ फेब्रुवारी हा दिवस आमच्या पिंपळगाव बसवंतला जरा जास्तच जवळचा आहे. कुसुमाग्रजांचा हा जन्मदिवस, म्हणून अवघा महाराष्ट्र तो मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. आम्हाला मात्र त्यात थोडा घरचा जिव्हाळा वाटतो, कारण तात्यासाहेबांचे बालपण याच गावात गेले. त्यांचे वडील इथे वकिली करत. तात्यासाहेबांनी पाटीवर पहिली अक्षरे गिरवली ती इथल्या शाळेत. तेव्हा या दिवशी गावात कविता ऐकायला माणसे जमतात. कांद्याचे आणि टोमॅटोचे भाव तासाभरासाठी बाजूला राहतात.

२०१६ सालच्या अशाच एका कार्यक्रमाची ही गोष्ट आहे. बाजार समितीत मापारी म्हणून आयुष्य काढलेले आमचे आप्पा दोन वर्षांपूर्वी वारले होते. दिवसभर काट्यावर कांदा तोलायचा आणि रात्री वहीत कविता लिहायची, असा त्यांचा नेम होता. त्यांचे पुस्तक कधी निघाले नाही. त्यांच्या मुलीने ठरवले की, यंदा वडिलांच्या कविता पडद्यावर दाखवायच्या. तिने जुन्या सीडीवरून कविता घेतल्या, प्रेझेंटेशन तयार केले, घरच्या संगणकावर चार वेळा पाहिले. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहातल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, दिवे मालवले आणि पडद्यावर उमटले ते नुसते चौकोन. ओळीमागून ओळ, रिकामे चौकोन. कडव्यांची मांडणी जागच्या जागी होती, स्वल्पविरामापुरती मोकळी जागा होती; अक्षर मात्र एकही नव्हते.

पोरगी रडवेली झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "चाचा, आप्पा गेले कुठे?"

हा प्रश्न मला लागला, कारण त्या कविता टाइप केल्या होत्या मी. बी. ए. झाल्यावर मी गावातल्या एका छापखान्यात नोकरीला लागलो. लग्नपत्रिका, बिलबुके, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबले असे आमचे काम. सुरुवातीची काही वर्षे मी शिशाचे खिळे जुळवले. मग १९९६ साली मालकांनी संगणक आणला आणि मी त्यावर बसलो. आप्पांच्या कविता मी १९९९ साली फुरसतीच्या वेळात टाइप करून दिल्या. "आता वहीची काळजी नको, सगळे कॉम्प्युटरात आहे," हे वाक्यही माझेच. वही पुढे वाळवीने खाल्ली. त्यामुळे पडद्यावरचे चौकोन हा माझ्या दृष्टीने तांत्रिक बिघाड नव्हता. माझ्या हातून दिला गेलेला शब्द तिथे मोडला होता.

हे असे का झाले, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. गोष्ट संगणकापाशी सुरू होत नाही. ती खिळ्यांपाशी सुरू होते.

इंग्रजी छापायचे तर मोठी-लहान अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून शंभरेक खिळ्यांत भागते. देवनागरीचे तसे नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे हे सगळे धरले की शेकडो खिळे लागतात. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले, ते देवनागरी खिळ्यांनी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, ते मात्र शिळाछापावर. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने १८६९ पासून इतके देखणे देवनागरी खिळे वापरले की, त्या वळणाची आजही आठवण निघते. पण देखणेपणाबरोबर खिळ्यांचा पसाराही मोठा. तो आवरण्यासाठी लोकमान्य टिळकांनी खटपट केली. सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी सुचवली. 'अि', 'अी', 'अु' असे लिहिले की स्वरांचे वेगळे खिळे वाचतात. १९५३ साली लखनऊला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे न्यायचे ठरवले. लोकांच्या डोळ्यांना ते मानवले नाही आणि तो बदल मागे घ्यावा लागला. टंकलेखन यंत्र आले तेव्हा शिफ्ट धरून नव्वदच्या आसपास जागा मिळाल्या. त्यातच सगळी मराठी बसवायची. मग 'क' पुरा करायला वेगळी कळ, 'फ'ला शेपूट जोडायला वेगळी कळ.

या सगळ्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खिळा म्हणजे अक्षर नव्हे. खिळा म्हणजे अक्षराचा आकार. काना हा वेगळा खिळा. तो 'मा'चा की 'रा'चा, हे खिळ्याला ठाऊक नसते, जुळवणाऱ्याला ठाऊक असते. छपाईत त्याने काही बिघडत नाही. कागदावर एकदा शाई उमटली की आकार तिथेच राहतो आणि वाचणारा माणूस त्याचे अक्षर करून घेतो.

संगणकाचे तसे नसते. तो शाई साठवत नाही, आकडे साठवतो. अमेरिकेत १९६३ साली 'अॅस्की' नावाची संकेतावली ठरली. तिच्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे त्यात मावली. पुढे एकेका अक्षराला आठ बिटांची जागा मिळाल्यावर २५६ संकेतांची सोय झाली. भारतीय भाषांनी या वरच्या रिकाम्या जागेत आपले बिऱ्हाड कसे थाटायचे, हा प्रश्न १९८०च्या दशकात उभा राहिला.

त्याची दोन उत्तरे निघाली. पहिले उत्तर शहाणपणाचे होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. ही संस्था १९८८ सालची. तिथल्या 'जिस्ट' तंत्राने आणि १९९१ साली भारतीय मानक झालेल्या 'इस्की' या संकेतावलीने असे ठरवले की, संगणकात आकार साठवायचाच नाही, वर्ण साठवायचा. 'क' म्हणजे 'क', मग तो देवनागरीत दिसो की गुजरातीत. जोडाक्षर कसे दिसावे, वेलांटी कुठे बसावी, हे दाखवण्याच्या वेळी यंत्राने ठरवावे. विचार उत्तम, पण त्यासाठी वेगळे कार्ड किंवा वेगळी प्रणाली घ्यावी लागे आणि बाजारात आलेल्या इंग्रजी प्रणालींना ही भाषा कळत नसे.

दुसरे उत्तर जुगाडाचे होते आणि बाजाराने तेच उचलले. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट करायचा. संगणकाला वाटावे आपण इंग्रजीच लिहितो आहोत; पडद्यावर आणि कागदावर मात्र मराठी दिसावी. 'कृतिदेव' या प्रसिद्ध फॉन्टाचे उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' लिहायचे तर कळा दाबाव्या लागतात ई, जे, के, मोठा बी आणि एच. संगणकाच्या पोटात ही पाच इंग्रजी अक्षरेच राहतात. 'मराठी' हा शब्द त्याला कधी भेटलेलाच नसतो. म्हणजे आम्ही खिळ्यांचा जुना खणच संगणकात नेऊन ठेवला. आकार नेला, ओळख नेली नाही.

आणि प्रत्येकाचा खण वेगळा. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, कृतिदेव, शिवाजी. कोणत्या जागी कोणता आकार ठेवायचा, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले. कामे मात्र झपाट्याने होऊ लागली. गावोगाव डीटीपीची दुकाने निघाली, दिवाळी अंकांची संख्या वाढली, ग्रामपंचायतीच्या नोटिशी टाइप होऊन लागू लागल्या. या कारागिरीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्या वीस वर्षांत मराठी छापील राहिली ती या फॉन्टांमुळेच.

आता 'सिम्बॉल' फॉन्टाची भानगड. खिडक्यांची, म्हणजे विंडोजची ३.१ ही आवृत्ती १९९२ साली आली. तिच्यासोबत ग्रीक अक्षरे आणि गणिती खुणांचा 'सिम्बॉल' आणि बाण, फुल्या, हसरे चेहरे यांचा 'विंगडिंग्ज' हे फॉन्ट होते. असा फॉन्ट संगणकाला आधीच सांगून टाकतो की, माझ्यात अक्षरे नाहीत, नुसती चित्रे आहेत. मराठीचे काही फॉन्ट करणाऱ्यांनी आपल्या फॉन्टांवर हाच शिक्का मारून घेतला, कारण चित्रे म्हटली की प्रणाली त्यांच्यात फारशी ढवळाढवळ करत नाही. तेवढ्यापुरते ते बरोबर होते. पण वर्डच्या ९७ सालच्या आवृत्तीपासून आतली साठवण युनिकोडप्रमाणे होऊ लागली. युनिकोडच्या भल्यामोठ्या नकाशात कुणाच्याच मालकीचा नसलेला, खासगी वापराचा एक पडीक इलाखा आहे. सिम्बॉल फॉन्टातली चित्रे त्या इलाख्यात टाकली जाऊ लागली. ज्याच्याकडे तोच फॉन्ट आहे त्याला कविता दिसणार. ज्याच्याकडे नाही, त्याच्या संगणकाला त्या पत्त्यावर कुणीच सापडत नाही; मग तो चौकोन काढून मोकळा होतो. आप्पांच्या कवितेचे झाले ते हेच.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. परदेशातल्या कचेऱ्यांतही कित्येक वर्षे ईमेलच्या शेवटी एकटेच 'जे' हे अक्षर येई आणि वाचणारा बुचकळ्यात पडे. पाठवणाऱ्याने हसरा चेहरा पाठवलेला असे. विंगडिंग्जमध्ये तो 'जे'च्या जागेवर बसतो. फॉन्ट नसला की हसू जाते आणि 'जे' उरतो. तिथे गेले ते एक हसू. इथे जात होती अख्खी भाषा.

डीटीपीवर बसलेल्यांना आणखी काही दुखणी आठवतील. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करण्याची वर्डला हौस. कृतिदेवात लहान ई म्हणजे 'म' आणि मोठा ई म्हणजे अर्धा 'म्'. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीचा धडधाकट 'म' एकाएकी लंगडा होई. साधे अवतरणचिन्ह वळणदार करण्याचीही त्याला खोड. पण ते चिन्ह कृतिदेवात अर्ध्या 'श्'च्या जागेवर बसलेले. मग 'शेतकरी' लिहायला जावे तर पहिल्याच अक्षराला ठेच. ही आपोआप दुरुस्ती आधी बंद करायची, मगच कामाला बसायचे, हा आमचा पहिला धडा असे.

उर्दूचीही कहाणी अशीच आहे. माझ्या घरात दोन्ही लिप्या नांदल्या, म्हणून सांगतो. नस्तालीक लिपीत अक्षरे तिरकी उतरतात, ती खिळ्यांत बसेनात. म्हणून उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कातिबांच्या हातची असत. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने १९८१ साली लाहोरच्या 'जंग'मध्ये हे चित्र बदलले. त्यासाठी हजारो जोडरूपे तयार करावी लागली. १९९४ साली 'इनपेज' आले आणि उर्दू छपाई त्यावर गेली. तिथेही जुन्या आवृत्तीतला मजकूर बाहेर काढायचा तर परिवर्तक शोधत फिरावे लागते. दुखणे लिपीचे नव्हते. आकाराला अक्षर समजण्याचे होते.

त्यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला एकच कायमचा क्रमांक, ही त्यामागची कल्पना. देवनागरीला १२८ जागांचा वाडा मिळाला आणि त्याची रचना बरीचशी इस्कीवरूनच घेतली गेली. म्हणजे आपल्याकडे झालेले शहाणपणाचे काम वाया गेले नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी 'मंगल' हा फॉन्ट आला. त्यामागे होते अक्षरांचा ध्यास घेतलेले प्राध्यापक र. कृ. जोशी. फॉन्ट आता अक्षराचा अंगरखा झाला. अंगरखा बदलला तरी आतला माणूस तोच राहतो.

तरी मराठीच्या काही खुणा आत यायला वेळ लागला. 'ॲ' हा स्वर युनिकोडमध्ये आला २००८ साली; महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवलेल्या वर्णमालेतही त्याला जागा मिळाली. आणि सगळ्यांत जास्त छळले ते 'ऱ्य'ने. 'सूर्य'मधला रफार डोक्यावर बसतो; 'शेतकऱ्यां'मधला 'र' पुढच्या अक्षराला कोयरीसारखा चिकटतो. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरजच पडत नाही. त्यामुळे ज्यांनी हिंदी डोळ्यांपुढे ठेवून साधने केली, त्यांच्या हातून तो वारंवार सुटला. कांद्याच्या गावात बसून 'शेतकर्यांना' असे छापलेले वाचायचे म्हणजे दाताखाली खडा. शिवाय प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. 'आचार्याला' बोलावले तर शिकवायला माणूस येतो, 'आचाऱ्याला' बोलावले तर स्वयंपाकाला.

पुढे आप्पांच्या कवितांचे काय झाले, ते सांगतो. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मुलगी सीडी घेऊन माझ्याकडे आली. पहिली गोष्ट आम्ही ही केली की, मूळ फाइलला हात लावला नाही. तिची प्रत काढली आणि प्रतीवर काम केले. घाईघाईने सगळा मजकूर निवडून दुसरा फॉन्ट लावला आणि फाइल तशीच जतन केली, तर मूळ फॉन्ट कोणता होता याचा मागच पुसला जातो. चौकोनांवर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत फॉन्टाचे नाव दिसते. ते नाव टिपून घेतले. छापखाना तोवर बंद झाला होता, पण जुन्या मालकांच्या माळ्यावर तो संगणक धूळ खात पडला होता. त्यातून फॉन्टाची फाइल मिळाली. ती बसवताच चौकोनांच्या जागी आप्पा परत आले. मुलगी कितीतरी वेळ पडद्याकडे नुसती बघत राहिली.

पण ते परत येणे त्या एका संगणकापुरते होते. म्हणून परिवर्तकातून सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. परिवर्तक म्हणजे जादूगार नव्हे. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते. रफार जुन्यात शेवटी, नव्यात आधी. ही उलटापालट करताना तो चुकतो. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर पुढे सरकतो. म्हणून मी प्रुफे वाचतात तसे अक्षर न् अक्षर वाचायला बसलो.

एका कवितेत आईचे वर्णन होते. परिवर्तकाने ओळ दिली, 'आईच्या डोळ्यांत दर्या'. वा, म्हटले मी. काय ओळ आहे! समुद्र डोळ्यांत साठवलेली आई. मी पुढे सरकलो. मुलगी म्हणाली, "चाचा, थांबा. आप्पांनी समुद्र कुठे पाहिला होता? आजी पेठच्या डोंगरातली. शेवटी शेवटी तिचे डोळे आत गेले होते. आप्पा म्हणायचे, आईच्या डोळ्यांत दऱ्या पडल्यात."

मी जुनी फाइल उघडली. जुन्या फॉन्टात, माझ्याच हाताने टाइप केलेली, स्पष्ट कोयरी होती. 'दऱ्या'. समुद्र नव्हताच तो. ती उपासमारीने खोल गेलेली, कोरडी जागा होती. एका 'र'ची ओळख पुसली गेली आणि भुकेची कविता सौंदर्याची झाली. त्याहून वाईट म्हणजे मला, कवी म्हणवणाऱ्याला, ती जास्त आवडली होती.

त्या दिवसापासून मी ठरवले की, ज्याला त्याला हे सांगायचे. साधारण १९९० ते २०१० या काळातले पुष्कळसे मराठी लेखन असे जुन्या फॉन्टांत बंद आहे. छापखान्यांना ते लवकर सोडता आले नाहीत, त्यालाही कारण होते. पेजमेकरला युनिकोड कधी कळलेच नाही आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती २०१२च्या आवृत्तीत. त्यामुळे संस्थांचे अहवाल, गावांचे इतिहास, बचत गटांच्या नोंदी, हौशी कवींचे संग्रह कपाटातल्या सीडींवर पडून आहेत. सीडी खराब होतात, संगणक भंगारात जातात, आणि त्यांच्याबरोबर तो फॉन्टही जातो. मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. दोन हजार वर्षांपूर्वीचा नाणेघाटातला लेख आपण वाचतो. पंचवीस वर्षांपूर्वीची आप्पांची कविता मात्र वाचता येऊ नये, हे बरे नव्हे.

तेव्हा एखादा रविवार काढा. जुनी सीडी, जुना पेनड्राइव्ह शोधा. मूळ फाइल जपून प्रतीवर काम करा. फॉन्टाचे नाव टिपा, फॉन्ट मिळवा, मजकूर युनिकोडमध्ये आणा. मूळ रूप दिसत असतानाच त्याची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे आकाराचा पुरावा राहील. प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायचे असेल तर फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची सोय असते, ती वापरा. आणि शेवटी ज्याने ते लिहिले त्याला, तो नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला शेजारी बसवून मजकूर मोठ्याने वाचा.

पुढच्या वर्षीच्या २७ फेब्रुवारीला तीच कविता पडद्यावर आली. या वेळी चौकोन नव्हते. वाचली त्या मुलीनेच. 'दऱ्या' या शब्दापाशी ती क्षणभर थांबली. सभागृहात मागे बाजार समितीतले दोन-तीन म्हातारे हमाल बसले होते. त्यांतल्या एकाने हळूच मान हलवली. त्याला तो शब्द बरोबर कळला होता.